आखाड्याची परंपरा, लोणावळ्याचा योगविचार आणि मुसलमान समाज

१

व्यायाम सर्वांसाठी आहे, हे विधान कोणी नाकारीत नाही. वाद उत्पन्न होतो तो 'सर्व' या शब्दाची कक्षा प्रत्यक्षात ठरवावयाची वेळ येते तेव्हा. सूर्यनमस्कार शाळेत सक्तीचे असावेत काय, योगाच्या प्रारंभी ओंकार म्हणावा काय, खेळाडू मुलीने डोके झाकून मैदानात उतरावे काय, हे गेल्या काही वर्षांत वारंवार उपस्थित झालेले प्रश्न वरवर पाहता वेगवेगळे आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी एकच पृच्छा आहे. आरोग्यसाधनेची जी रूपे एका समाजाच्या श्रद्धाविश्वात वाढली, ती दुसऱ्या समाजाच्या माणसाने कोणत्या अटींवर स्वीकारावयाची, आणि त्या अटी ठरवावयाच्या कोणी?

या पृच्छेचा विचार करण्यास मावळातील लोणावळे हे स्थळ विशेष उपयुक्त आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. योग हा केवळ संन्याशाच्या गुहेतला विषय नसून प्रयोगशाळेत तपासता येईल असा विषय आहे, ही भूमिका येथून पद्धतशीरपणे मांडली गेली. योग कोणा एका पंथाचा नाही असे म्हणणाऱ्या आजच्या बहुतेक युक्तिवादांचे बीज त्या भूमिकेत सापडते. म्हणून तिचे सामर्थ्य कोठे आहे आणि ती अपुरी कोठे पडते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२

कुवलयानंदांच्या चरित्रातील एका दुव्याकडे प्रथम लक्ष वेधावयास हवे. जगन्नाथ गणेश गुणे (१८८३-१९६६) हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. त्यांना दोन गुरू लाभले. योगाची दीक्षा त्यांनी नर्मदातीरीच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडून घेतली, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी, १९०७ पासून सुमारे तीन वर्षे, त्यांनी बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले होते. माणिकराव ज्यांच्या तालमीत घडले आणि ज्यांची गादी त्यांनी पुढे चालविली, ते जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद होते. माणिकरावांची संस्था 'जुम्मादादा व्यायाम मंदिर' याच नावाने प्रसिद्ध पावली.

लोणावळ्याच्या योगविचारामागे दोन परंपरा उभ्या आहेत असा याचा अर्थ होतो. एक नर्मदातीरीच्या संन्याशाची, दुसरी बडोद्याच्या मुसलमान उस्तादाची. पहिलीचा उल्लेख योगविषयक लेखनात नेहमी होतो. दुसरी बहुधा एखाद्या वाक्यात आटोपली जाते. ही उपेक्षा कोणी हेतुपुरस्सर केली असे म्हणता येणार नाही. योगाचा इतिहास अध्यात्माच्या अंगाने लिहिला गेला आणि व्यायामाचा इतिहास बलोपासनेच्या अंगाने. दोन्ही कथानकांत जुम्मादादांना बसण्याजोगी जागा नव्हती, एवढेच म्हणणे न्याय्य होईल. मात्र अशा लेखनाचा परिणाम असा झाला की, ज्या परंपरेच्या उभारणीत मुसलमानांचा हात आहे, तिच्यात त्यांना 'सामावून घेण्याचा' प्रश्न आज नव्याने मांडावा लागतो.

३

हाच विस्मरणाचा प्रकार भाषेच्या द्वारेही तपासता येतो. मराठी मल्लविद्येची परिभाषा पाहावी. कुस्ती, पैलवान, पेच, खुराक, मैदान आणि जोर हे शब्द फारसीतून आले. तालीम, कसरत, मेहनत आणि इनाम हे मूळचे अरबी. 'वस्ताद' हे तर फारसी 'उस्ताद'चेच मराठी रूप. त्यांच्या शेजारी आखाडा, मल्ल, बैठक, शड्डू हे देशी आणि संस्कृतोद्भव शब्द निर्वेधपणे नांदतात. 'जोर-बैठका' या एकाच जोडशब्दात दोन्ही कुळे एकत्र आली आहेत. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' सिद्ध करविला. पण आखाड्याच्या मातीत रुजलेली परिभाषा पुढील तीन शतके तशीच राहिली. शब्द ज्यांच्या तोंडून आले त्यांच्याशी संबंध रोजचा आणि अंगाला अंग लागणारा असल्यावाचून असे घडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या परिभाषेवर दुसरा एक थर चढू लागला. 'कसरत'च्या जागी 'व्यायाम', 'तालमी'च्या जागी 'व्यायामशाळा' किंवा 'व्यायाम मंदिर', आणि सर्वांवर छत्र धरणारा 'बलोपासना' हा शब्द आला. पारतंत्र्यात खचलेल्या समाजाला शरीरबळाचे महत्त्व पटविण्याची तळमळ या शब्दांमागे होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ यांसारख्या संस्थांनी केलेले कार्य सर्वपरिचित आहे. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात संपादिलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'च्या दहा खंडांनी तर या विद्येचे विखुरलेले ज्ञान एकत्र बांधले. परंतु 'उपासना' आणि 'मंदिर' हे शब्द केवळ अलंकार म्हणून आले नव्हते. तालमीच्या कोनाड्यात मारुती पूर्वीही होता. पण मारुती असलेली तालीम आणि मारुतीची उपासना म्हणून चालविलेला व्यायाम यांत भेद आहे. पहिलीत देव जागेचा असतो आणि मेहनत सर्वांची. दुसऱ्यात मेहनतच देवाची होते.

हा भेद काल्पनिक नव्हे, याची साक्ष कोल्हापूर देते. राजर्षी शाहूंच्या आश्रयाने तेथे कुस्तीला जे वैभव आले, त्यात हिंदू-मुसलमान मल्ल एकाच मातीत घुमले. तेथील पेठांतल्या तालमी गणपती बसवितात, त्याचप्रमाणे त्यांपैकी कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात; बाबूजमाल तालमीचे नाव या संदर्भात विशेष प्रसिद्ध आहे. येथे धर्म वगळून समता साधलेली नाही. दोन्ही धर्मांच्या खुणा एकाच जागेत राहू दिल्या गेल्या आहेत. सर्वांना सामावणारी जागा म्हणजे सर्व खुणा पुसलेली जागा, या आधुनिक समजुतीला हे उदाहरण चांगलाच छेद देते.

४

आता लोणावळ्याच्या योगविचाराकडे वळता येईल. कुवलयानंदांनी १९२० च्या सुमारास बडोद्यात क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने योगक्रियांचे निरीक्षण आरंभिले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाने दाखविले आणि या निर्वाताला आपल्या गुरूचे नाव देऊन 'माधवदास निर्वात' असे संबोधिले. शरीरात हठयोगाची एखादी क्रिया नेमके काय करते, हा प्रश्न त्यांनी श्रद्धेच्या कक्षेतून काढून मापनाच्या कक्षेत आणला.

मापनाला धर्म नसतो, हे या पद्धतीचे पहिले सामर्थ्य. पाण्याने आत चढण्याचे जे कारण माधवदासांच्या शिष्याच्या आतड्यात असेल, तेच हमालाच्या, मौलवीच्या वा पाद्र्याच्या आतड्यात असणार. क्रियेचे फळ करणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून नाही, हे एकदा मान्य झाले की ती क्रिया श्रद्धेवाचूनही करता येते, हे ओघानेच येते. या दृष्टीने लोणावळ्याने योगाचे दार तत्त्वतः सर्वांना मोकळे केले, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

याच्या शेजारी औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचा सूर्यनमस्कारांविषयीचा विचार ठेवला म्हणजे लोणावळ्याचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. पंतप्रतिनिधींनीही नमस्कारांचे समर्थन आरोग्याच्या भाषेत केले आणि त्यांचा प्रसार निष्ठेने केला. परंतु बीजमंत्रांच्या उच्चाराचेही त्यांनी शारीरिक समर्थन दिले. त्या ध्वनींच्या कंपनांचा शरीरावर हितकर परिणाम होतो, अशी त्यांची धारणा होती. मंत्राला विज्ञानाचा आधार दिला म्हणजे तो सर्वांचा होतो, असे अशा समर्थनात गृहीत असते. प्रत्यक्षात परिणाम उलटा होतो. मंत्र हा केवळ श्रद्धेचा भाग असेल तर तो गाळून नमस्कार घालण्यास मुसलमान व्यायामी मोकळा राहतो. तोच मंत्र आरोग्याचे आवश्यक अंग ठरला की तो गाळणाऱ्याचे आरोग्य अपुरे ठरते. ज्या स्पष्टीकरणाने दार उघडावयाचे, त्यानेच ते लागून जाते.

तेव्हा व्यायामाचे वैज्ञानिक समर्थन हे आपोआप समावेशक असते, हा समज टिकणारा नाही. ते कशाचे समर्थन करते, कृतीचे की उच्चाराचे, यावर सर्व अवलंबून आहे.

५

मुसलमान समाजाचा आक्षेप नेमका कशाला आहे, हेही काटेकोरपणे पाहिले पाहिजे. कारण त्याविषयी उभय बाजूंनी सैल विधाने केली जातात. इस्लामचा मूळ आग्रह एकेश्वरनिष्ठेचा आहे. ईश्वराखेरीज अन्य कोणास वंदन करणे त्या निष्ठेशी विसंगत ठरते. अंग वाकविण्यास, श्वास रोधण्यास वा पाय दुमडून बसण्यास हा आक्षेप लागू होत नाही. सूर्याला उद्देशून केलेल्या नमनास तो लागू होतो. मध्य प्रदेशात सूर्यनमस्कारांचा वाद न्यायालयात गेला तेव्हा २००७ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ते ऐच्छिक ठेवावयास सांगितले. इंडोनेशियातील उलेमा मंडळाने २००९ मध्ये दिलेल्या मतातही हाच विवेक दिसतो : मंत्र आणि पूजाविधी असलेला योग निषिद्ध, निव्वळ शारीरिक व्यायाम निषिद्ध नव्हे. मलेशियात २००८ मध्ये धर्मपरिषदेने अधिक कडक मत दिले होते. मंत्रोच्चारावाचून व्यायाम करण्यास हरकत नाही, असा खुलासा तेथील पंतप्रधानांना करावा लागला. उलट संयुक्त राष्ट्रसंघात आंतरराष्ट्रीय योगदिनाचा ठराव ११ डिसेंबर २०१४ रोजी आला तेव्हा त्याच्या १७७ सहपुरस्कर्त्यांत मुस्लिमबहुल राष्ट्रे मोठ्या संख्येने होती. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. 'मुसलमानांचे योगाविषयी मत' असे एकसंध काही नाही, एवढे यावरून दिसून यावे.

इतिहास तर याहूनही बोलका आहे. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात पातंजलयोगाचे अरबी रूपांतर केले. ग्वाल्हेरचे सूफी मुहम्मद गौस यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास 'बह्र-उल्-हयात' हा योगविषयक फारसी ग्रंथ रचिला. शाहजादा सलीमसाठी सिद्ध झालेल्या त्याच्या सचित्र प्रतीत आसनांची चित्रे आहेत. आणि खुद्द मराठीत, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. मराठी वाङ्मयाचा विद्यार्थी तो संतवाङ्मयाच्या प्रकरणात वाचतो. योगाच्या इतिहासात त्याची दखल क्वचित घेतली जाते. आक्षेप घेणारे आणि आक्षेप फेटाळणारे हे दोघेही बहुधा या ग्रंथापाशी थांबत नाहीत.

येथे एका लोकप्रिय उपायाचाही परामर्श घेणे इष्ट होईल. नमाजातील क्रिया याही आसनेच होत, सजदा आणि वज्रासन यांत साम्य आहे, तेव्हा मुसलमान रोज पाच वेळा योगच करतात, असे सद्भावनेने सांगितले जाते. हे साम्य बाह्य आकारापुरते खरे आहे. पण ज्या कृतीचे सर्वस्व तिच्या संकल्पात आहे, तिला सांध्यांच्या हालचालीत मोजणे म्हणजे तिचा अर्थच काढून घेणे. सूर्यनमस्कार ही केवळ कसरत आहे असे ऐकून श्रद्धाळू हिंदूला जे वाटावे, तेच नमाज ही कसरत आहे असे ऐकून श्रद्धाळू मुसलमानाला वाटेल. दोन श्रद्धांना जवळ आणण्यासाठी दोन्हींचा पोत उतरविणे हा मार्ग टिकाऊ नाही.

६

यावरून लोणावळ्याच्या भूमिकेचे मूल्यमापन करता येते. व्यायामातील समावेशाचा प्रश्न तीन स्तरांवर उभा असतो : कृती, उच्चार आणि परिसर. कृतीचा प्रश्न कुवलयानंदांनी पुष्कळ अंशी सोडविला. उच्चाराचा प्रश्न त्यांच्या प्रयोगपद्धतीने सैल केला, पण संपविला नाही. संस्थेचे नावच पातंजल 'कैवल्या'वरून आले आहे, आणि योगाचे अंतिम प्रयोजन आध्यात्मिक आहे ही आपली निष्ठा त्यांनी कधी लपविली नाही. हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. चिकित्सा व व्यायाम म्हणून योग एका पातळीवर, साधना म्हणून दुसऱ्या पातळीवर, असा विवेक त्यातून निघतो आणि तो स्वीकारार्ह आहे. योगदिनाच्या २०१५ च्या शासकीय कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळले गेले, पण प्रारंभीची वैदिक प्रार्थना राहिली. दोन पातळ्यांची सीमारेषा अद्याप अनिश्चित आहे, याचे ते निदर्शक आहे.

तिसरा स्तर परिसराचा. त्याकडे लोणावळ्याच्या विचाराने, किंबहुना एकंदर मराठी व्यायामविचाराने, फारसे लक्ष दिलेले नाही. प्रयोगशाळेत शरीर एकटे असते. व्यायामशाळेत ते वेळापत्रक, पोशाख, सोबत आणि शिक्षक यांच्यासह येते. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान सौर वर्षाच्या मानाने दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. ठराविक महिन्यात ठेवलेली शारीरिक चाचणी कधी ना कधी उपवासाच्या दिवसांवर येणारच. हे पंचांग आधी माहीत असते. तेव्हा अडचण आकस्मिक म्हणता येत नाही, ती दुर्लक्षाची ठरते. शुक्रवारच्या दुपारी ठेवलेला सामना, स्त्री-शिक्षिकेवाचून चालणारा मुलींचा वर्ग, पूर्ण बाह्या व डोक्यावरचे वस्त्र न चालणारा गणवेश, यांपैकी कशावरही 'मुसलमानांस मज्जाव' अशी पाटी नसते. परिणाम मात्र तोच होतो.

जगातील क्रीडासंघटनांना हे उशिरा उमगले. डोके झाकण्यावरील बंदी जागतिक फुटबॉल संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉल संघटनेने २०१७ मध्ये उठविली. सुरक्षिततेचे जे कारण पूर्वी सांगितले जात होते, ते योग्य वस्त्र वापरल्यास उरत नाही, हे मान्य झाले. तरीही २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सने स्वतःच्या खेळाडूंना ती मुभा दिली नाही. नियम एकसारखा असला म्हणजे तो सर्वांना सारखा लागतो असे नाही, हे यावरून ध्यानी येते.

मावळात या स्तराला आणखी एक स्थानिक परिमाण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील पावसामुळे लोणावळ्याच्या परिसरात चार महिने उघड्या मैदानाचा उपयोग बेताचाच होतो. व्यायाम छपराखाली जातो, आणि छप्पर म्हटले की ते कोणाचे हा प्रश्न येतो. मैदान गावाचे असते. दालन संस्थेचे, मंडळाचे वा देवस्थानाचे. लोणावळे, वडगाव, तळेगाव अशा बाजारगावांतून मुसलमान कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलींना पावसाळ्यात कोणत्या छपराखाली नि:संकोच जाता येईल, या प्रश्नाचे उत्तर आसनांच्या शास्त्रीय पुस्तकात मिळणार नाही.

७

परिसराचा विचार करताना एक पर्याय सहज सुचतो : प्रत्येक समाजाने आपापली व्यवस्था करावी. हा प्रयोग मुंबईत झालेला आहे. यूरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्या क्रिकेट स्पर्धेत १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये ती पंचरंगी झाली. मुसलमान खेळाडूंना या स्पर्धेने मैदान, प्रेक्षक आणि कीर्ती दिली, हे नाकारता येत नाही. पण तिने प्रत्येकास त्याच्या समाजाचा प्रतिनिधी म्हणूनच ओळखले. गांधीजींनी १९४० मध्ये या रचनेविषयी नापसंती व्यक्त केली आणि १९४६ मध्ये स्पर्धा बंद पडली. आपल्या समाजाच्या संघातही सर्वांना सारखे स्थान नव्हते. हिंदू संघाचा थोर गोलंदाज पाळवणकर बाळू याला अस्पृश्य म्हणून कर्णधारपद मिळाले नाही, ते पुढे १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल यास मिळाले. संघात घेणे आणि संघाचे नेतृत्व देणे यांत किती अंतर असते, हे या एका घटनेवरून कळते.

सर्व विवेचनाचा रोख या अंतराकडे आहे. सामावून घेण्याची चर्चा बहुतेक वेळा मुसलमानांना शिष्य, रुग्ण वा लाभार्थी कल्पून केली जाते : त्यांनी वर्गात यावे यासाठी काय गाळावे, काय सोयीचे करावे. सोयी आवश्यक आहेतच. परंतु तालमीच्या परंपरेने यापेक्षा मोठी गोष्ट साधली होती. तिने मुसलमानाला वस्तादाच्या जागी बसविले होते. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख घराण्यातील इस्माईल (१९८०), आप्पालाल (१९९२) आणि मुन्नालाल (२००२) या तिघांनी 'महाराष्ट्र केसरी'ची गदा मिळविली, तेव्हा त्यांना कोणी 'सामावून' घेतले असे महाराष्ट्राला वाटले नाही. ते त्या मातीचेच होते. गदा ही मारुतीची खूण आहे, म्हणून ती खांद्यावर घेण्यात त्यांना संकोच वाटल्याचे दिसले नाही. ज्या विद्येत आपला उस्ताद होऊन गेला आहे, तिच्या खुणांचे भय वाटत नाही.

योगाच्या क्षेत्रात अशी जागा अद्याप निर्माण व्हावयाची आहे. मुसलमान शिक्षक आणि विशेषतः शिक्षिका तयार होणे, त्यांनी आपल्या वस्तीत आपल्या शब्दांनी शिकविणे, आणि अभ्यासक्रमात शेख महंमदांचा 'योगसंग्राम' व मुहम्मद गौस यांचा ग्रंथ यांना योगाच्या इतिहासाचा भाग म्हणून स्थान मिळणे, या तीन गोष्टी घडल्या तर मंत्र ठेवावा की गाळावा हा वाद पुष्कळसा निवळेल; कारण तो ठरविणारे मग दोन्ही बाजूंचे असतील. यासाठी नवे तत्त्वज्ञान लागणार नाही. लोणावळ्याच्या योगविचाराने स्वतःची वंशावळ पूर्ण वाचली तरी पुरे. त्या वंशावळीत माधवदासांच्या जोडीला माणिकराव आहेत, आणि माणिकरावांच्या मागे जुम्मादादा. शिष्याने संस्था वाढविली, तेव्हा तिच्या दारावर स्वतःचे नाव घातले नाही. उस्तादाचे ठेवले, आणि त्यापुढे 'मंदिर' हा शब्द लिहिताना त्याला काही विसंगत वाटले नाही.